मावशींना पहिल्या रांगेत बसवा : खान्देशातल्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सभासद,
उद्योजक संघटना, जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे

विषय : कामगारांना 'एआय'साठी तयार करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये सुपरवायझर आहे. १९९९ साली हजेरी कारकून म्हणून लागलो. मिलचं नाव लिहीत नाही. शेठ माणूस भला आहे आणि मला अजून पाच-सात वर्षं तिथंच काढायची आहेत. तुमच्यातले बरेच जण मला तोंडओळखीने ओळखतात, तेव्हा पत्र कोणाचं हे दोन दिवसांत कळेलच.

निमित्त सांगतो. गेल्या महिन्यात एका हॉटेलात 'उद्योगांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता' असं एक दिवसाचं शिबिर झालं. आमच्या शेठने मला आणि ऑफिसातल्या तिघांना पाठवलं. माणशी फी भरली, दिवसाचा पगारही कापला नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पुण्याहून आलेल्या सरांनी मोठ्या पडद्यावर एकेक जादू दाखवली. मराठीत दोन ओळी टाकल्या की इंग्रजीत झकास ई-मेल. दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र. थकबाकीदाराला पाठवायचं गोड भाषेतलं पत्र. यावर मात्र सगळे शेठ खुर्चीत पुढे सरकले. शेवटी सरांनी यंत्राकडून दालमिलवर कविता करून घेतली. टाळ्या पडल्या. कवितेतली तूर शेतातून निघाली आणि थेट डाळ होऊन पोत्यात पडली. मधे भिजवणं नाही, तेल लावणं नाही, वाळवणं नाही, भरडणं नाही. आमची अख्खी मिलच गाळलेली. दुपारच्या जेवणात शेवभाजी होती, ती तेवढी अस्सल.

चहाच्या वेळी मी हॉलमध्ये नजर फिरवली. साठेक माणसं. मालक, मालकांची मुलं, अकाउंटंट, एचआरवाल्या मुली, बँकेचे दोघे. मशीनला हात लावणारा एकही नाही. पाइपच्या एक्स्ट्रूडरपाशी उभा राहणारा नाही, चटईच्या लूमवरचा नाही, केळीच्या पॅकहाउसमध्ये फण्या कापणारी नाही. त्यातल्या त्यात कामाच्या जवळचा मीच, आणि मी शेवटचा पट्टा बदलला त्याला पंधरा वर्षं झाली. संध्याकाळी प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. 'एआय-सज्ज कर्मचारी' असं त्यावर छापलंय. बायकोने ते टीव्हीशेजारी लावलं. मी नक्की कशाला सज्ज झालो हे तिने विचारलं, मला सांगता आलं नाही.

मला जे थोडंफार कळलंय ते हॉटेलात कळलेलं नाही. ते सांगतो.

२००९ साली आमच्याकडे पहिलं सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडायचं मशीन, आलं. तोवर डाळ हाताने निवडली जायची. शेडमध्ये ताडपत्रीवर बत्तीस बायका ओळीने बसायच्या, पुढ्यात परात, शेजारी सूप. मशीन येणार हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. ट्रकमधून मोठं खोकं उतरताना त्यांनी पाहिलं, त्यांना वाटलं नवीन जनरेटर आलाय. शनिवारी आठवड्याचा पगार असायचा. पाकिटं मी वाटली, आणि शेठच्या सांगण्यावरून 'निरोप येईपर्यंत येऊ नका' हेही मीच सांगितलं. निरोप कधी गेला नाही. पाचजणी ठेवल्या. बाकीच्या सत्तावीस नावांवर मी हजेरीपटात लाल रेघ मारली. पट्टी धरून, सरळ. ती पट्टी अजून माझ्या खणात आहे.

मशीन घ्यायला नको होतं असं मी तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. इंदूर, अकोला, लातूरच्या मिलवाल्यांशी भावात टिकायचं तर हाताने निवडून चालणार नव्हतं. आणि सॉर्टेक्सची आमच्याकडे बडदास्त मोठी. मिलमध्ये एसी दोनच, एक शेठच्या केबिनमध्ये आणि एक सॉर्टेक्सच्या. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकला की हमाल पाणी प्यायच्या निमित्ताने सॉर्टेक्सच्या दाराशी येऊन उभे राहतात.

दोन वर्षांपूर्वी नवं मशीन आलं, एआयवालं. दोन्हींतला फरक मला समजला तसा सांगतो. डाळ वरून पन्हाळीतून घसरत येते, कॅमेरा ती बघतो आणि खराब दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. इथपर्यंत दोन्ही सारखी. जुन्याला आपण रंगाची मर्यादा आखून द्यायचो, याहून काळा दिसला की मार फुंकर. नव्याला उदाहरणं दाखवायची असतात. हा चांगल्या दाण्यांचा ढीग, हा खराब दाण्यांचा. ते फोटो काढतं आणि चांगलं म्हणजे काय हे त्यावरून आपलं आपण ठरवतं. घोडं पेंड खातं ते इथे. ढीग लावायचे कोणी?

मशीनसोबत इंजिनिअर आला होता. परप्रांतातला, पोरगेलासा, हुशार. त्याने लॅपटॉप उघडला आणि ढीग स्वतःच लावले. तुरीच्या डाळीशी त्याची ओळख कुकरपुरती. तीन दिवस मशीन चाललं आणि तीन दिवस चांगला माल रिजेक्शनच्या पोत्यात जात राहिला. जनावरांच्या चुनीच्या भावात एक नंबरची फटका डाळ! जनावरांची चंगळ, आणि शेठचं बीपी वर.

२००९ च्या त्या पाचजणींतल्या एक मावशी अजून आमच्याकडे आहेत. झाडलोट आणि पोत्यांची शिलाई बघतात. चौथ्या दिवशी रिजेक्शनचं पोतं ओढता ओढता त्यांनी त्यातली मूठभर डाळ घेतली, तळहातावर पसरली, करंगळीने तिचे तीन भाग केले आणि मला हाक मारली. एका भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "हाऊ दाना खराब नई शे भाऊ, याले तेल जास्त लागेल शे." म्हणजे दाणा चांगला, तेल तेवढं जास्त लागलंय. दुसऱ्या भागातल्या दाण्यांवर सालाचा पापुद्रा चिकटून राहिला होता, ते पुन्हा रोलमधून काढायचे, टाकायचे नाहीत. तिसरा भाग खरोखर डागी, पावसात भिजलेल्या तुरीचा. इंजिनिअरला तिन्ही सारखेच दिसत होते, आणि त्याच्यामुळे मशीनलाही.

मग तो मावशींना घेऊन बसला. दीड दिवस. दुभाषा मी, कारण त्याला हिंदी येत होती आणि मावशींना अहिराणी. पुन्हा ढीग लागले, दोनाचे तीन झाले, मशीन ताळ्यावर आलं. जाताना पोरगा मावशींच्या पाया पडला. मिलने काय केलं? मावशींची त्या दीड दिवसाची मजुरी कापली. शिलाई नगावर असते आणि पोती शिवली गेली नव्हती. तो हिशेब माझ्या टेबलावरून गेला, सही माझी आहे. आठवड्याने चूक लक्षात आली, शेठशी वाद घालून मी पैसे मिळवून दिले, पण पहिली सही माझीच होती, हे लपवत नाही.

शेठहो, माझं सगळं म्हणणं त्या दीड दिवसात आहे. लाखो रुपयांच्या मशीनला नजर दिली ती झाडलोट करणाऱ्या बाईने, आणि आपल्या हजेरीपटात तिच्या त्या कामाला रकानाच नव्हता. २००९ साली सत्तावीस जणींबरोबर तसल्याच सत्तावीस नजरा फाटकाबाहेर गेल्या. तेव्हा कोणाला वाटलं होतं की पुढे एक मशीन येईल आणि शाळेत बसल्यासारखं विचारेल, चांगली डाळ कशी असते सांगा?

ऑफिसातही हेच. शिबिराहून आल्यावर आमच्यातल्या नव्या पोराने उत्साहाने मोबाइलवर विचारलं, डाळीवर जीएसटी किती. उत्तर आलं, ब्रँड नसलेल्या डाळीवर काही नाही, ब्रँडवालीवर ५ टक्के. मुद्देसूद, ठाम, शेवटी 'आणखी काही मदत हवी का' असंही. आमचे अकाउंटंट नाना साठीला आलेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे जुनं झालं." १८ जुलै २०२२ पासून ब्रँड बघत नाहीत, आधीच पॅक करून लेबल लावलेली, २५ किलोपर्यंतची पिशवी असली की ५ टक्के. नाना शिबिरात सबंध दिवस पेंगत होते. पण चूक त्यांनीच पकडली. वापरायचं कसं हे पोरं आपली आपण शिकतात, त्याला हॉटेल लागत नाही. शंका मात्र त्यालाच येते ज्याला मुळातलं काम येतं.

त्याच पोराने पुढच्या आठवड्यात घोळ घातला. थकबाकीची पत्रं झटपट व्हावीत म्हणून सगळ्या पार्ट्यांची यादी, नावं, मोबाइल नंबर, येणं किती, सगळं एका फुकट अॅपमध्ये ओतलं. शेठ त्याच्यावर असे ओरडले की बाहेर हमाल थांबून ऐकत होते. ओरडणं बरोबर होतं. पण हे करायचं नसतं असं त्याला कोणी सांगितलं होतं? शिबिराच्या सहा तासांत यावर एक वाक्य नव्हतं. लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा २०२३ साली झालाय आणि त्यातल्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. एवढ्यात आमच्यासारख्या किती दालमिल येतील याचा हिशेब नानांकडे करायला दिलाय.

आता थोडं मोठ्यांचं. मी मूळचा अमळनेर तालुक्यातला, म्हणून विप्रोचं नाव निघालं की कान टवकारतात. २९ डिसेंबर १९४५ ला ही कंपनी स्थापन झाली तेव्हा ती वनस्पती तुपाची कंपनी होती आणि कारखाना आमच्या अमळनेरला. १९६६ साली वडील गेल्यावर अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला, ऐंशीच्या दशकात कंपनी संगणकात शिरली, पुढचा इतिहास सगळ्या जगाला माहीत आहे. त्याच विप्रोने २०२३ च्या जुलैत जाहीर केलं की तीन वर्षांत एआयवर १ अब्ज डॉलर घालणार आणि अडीच लाख कर्मचाऱ्यांना वर्षभरात त्याची तोंडओळख करून देणार. चांगलंच आहे. पण अमळनेरच्या माणसाला यात एक गोष्ट दिसते. कंपनी तेलातून संगणकात गेली तेव्हा संगणकाचं काम बंगळुरूला उभं राहिलं. अमळनेरच्या वाट्याला शेअर आले, आणि ज्यांनी ते जपून ठेवले त्यांचं भलं झालं. घाण्याशी उभा असलेला माणूस घाण्याशीच राहिला. धंद्याने कात टाकली म्हणून कामगाराची आपोआप पडत नाही.

आणि नुसतं शिकवणं म्हणजे हमी नव्हे, हेही बघितलं. २०२५ च्या जुलैत टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात एक हिशेब आहे, तो मी वहीत उतरवून ठेवलाय. जगातले सगळे कामगार मिळून १०० धरले, तर २०३० पर्यंत त्यातल्या ५९ जणांना नव्याने शिकावं लागेल, आणि त्या ५९ पैकी ११ जणांना ते शिक्षण मिळण्याची शक्यता नाही. हे अकरा कोण, हे अहवालात नावानिशी लिहिलेलं नसतं. मला ते दिसतात. ते बंगळुरूला नाहीत. ते धुळ्याला अवधान एमआयडीसीच्या शेडमध्ये आहेत, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठं खुडताहेत, आमच्या मिलमध्ये पोती शिवताहेत.

मग काय करायचं, असं तुम्ही विचाराल. मी काही तज्ज्ञ नाही, पण सव्वीस वर्षं हजेरी आणि मशीन दोन्ही बघितलंय.

मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी माणसांना सांगा. खोकं उतरल्यावर नाही. यंत्रसुधारणेमुळे माणसं कमी होण्याची शक्यता असेल तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची, ही अट जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्याच संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने त्यात पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम भरायची. पंधरा दिवसांच्या पैशात माणूस कोणतं नवं काम शिकेल हे मला विचारू नका. शिवाय आपल्याकडची निम्मी माणसं ठेकेदाराच्या कागदावर असतात. त्यांना नोटीस कोण देणार आणि निधी कोण भरणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून मी कायद्याकडे बोट दाखवून थांबत नाही. काम गेल्यावर शिकवण्यापेक्षा काम असताना शिकवलेलं स्वस्त पडतं, हा व्यापाराचाच हिशेब आहे.

शिकवायचं ते कामाच्या वेळेत, दिवसाची मजुरी चालू ठेवून. रविवारी बोलावलं तर बायका येणार नाहीत. त्या दिवशी त्यांचं आठवड्याचं धुणं असतं. आणि शिकवायचं ते ज्याच्या त्याच्या मशीनपाशी, त्याच मशीनने केलेल्या चुका हातात घेऊन. आमच्याकडे मावशींच्या प्रकरणानंतर मी सॉर्टेक्सच्या दाराला एक शंभरपानी वही टांगली, सुतळीला पेन बांधून. मशीन चुकलेलं दिसलं की ज्याला दिसेल त्याने लिहायचं. पहिले पंधरा दिवस वही कोरी. लोकांना वाटलं लिहिलं तर आपल्यावरच येईल. मग एका हेल्परने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "काचवर धूय बशेल शे, मनून चांगला माल फेकस." काच पुसली, रिजेक्शन निम्म्यावर आलं. आता वही भरत आली आहे. पुण्याच्या सरांच्या पडद्यापेक्षा त्या वहीत जास्त शिकवण आहे, असं माझं मत. सरांनी राग मानू नये.

मशीनला शिकवण्याचं काम जो करेल त्याला त्या कामाचा वेगळा रोज लावा. हजेरीपटात रकाना काढा. मी काढलाय, पेन्सिलने. शेठने अजून शाईची परवानगी दिलेली नाही.

भाषेचंही जरा बघा. आमच्या मिस्तरीने फोनशी अहिराणीत बोलून बघितलं, फोनने हिंदीत काहीतरी भलतंच लिहिलं. सगळे पोट धरून हसले, मिस्तरीने फोन खिशात टाकला तो टाकलाच. २०११ च्या जनगणनेत खान्देशी, म्हणजे अहिराणी धरून, बोलणारे १८ लाखांवर नोंदले गेलेत, पण भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही, त्यामुळे सरकारी खटाटोपातही तिचा नंबर उशिरा लागणार. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टशी करार करून एआयची तीन केंद्रं जाहीर केली. मुंबई, पुणे, नागपूर. खान्देश नेहमीप्रमाणे रेल्वेच्या खिडकीतून बघणार. पण जळगावला १९९० पासून आपलं विद्यापीठ आहे, गावोगाव आयटीआय आहेत. तुमच्या संघटनांनी मनावर घेतलं तर तिथल्या पोरांकडून मशीनच्या सूचना अहिराणीत, लेवा बोलीत, नंदुरबारकडे पावरीत बोलून रेकॉर्ड करून घेणं काही अब्ज डॉलरचं काम नाही. पोरांना प्रोजेक्ट मिळेल, आम्हाला समजेल.

शेवटची विनंती. पुढचं शिबिर हॉटेलात घेऊ नका, आमच्या मिलमध्ये घ्या. परवानगी मी काढतो, हे पत्र वाचून शेठ चिडले नाहीत तर. जानेवारीत नवी तूर यायला लागते, त्याच्या आत ठेवा. नंतर मान वर करायला वेळ नसतो. ताडपत्री आहे, परातीही शोधून काढल्यात. सरांनाही बोलवा. रिजेक्शनचं एक पोतं मी बाजूला ठेवलंय, चाळलेलं नाही. तुम्ही प्रत्येकाने त्यातली एक मूठ घ्यायची आणि तीन भाग करून दाखवायचे. तपासायला मावशी आहेत. त्यांचा त्या दिवसाचा रोज किती, तेवढं आधी ठरवून या.

आपला,
एक सुपरवायझर
दालमिल, एमआयडीसी, जळगाव